आगाजी आणि बाबांची साक्ष

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत एक थोर चित्रकार राहून गेला, हे मला फार उशिरा आणि तेही वर्तमानपत्रातून कळलं. आमच्या माहितीप्रमाणे त्या खोलीत एक इराणी मुलगा राहायचा. तो शेतकी कॉलेजात नापास झालेला होता आणि आईच्या देवघरातली खडीसाखर पळवायचा. हे दोघं एकच, हे पचवायला मला अजूनही जड जातं.

त्याचं खरं नाव गल्लीत कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. लोक आधी 'खानसाहब' म्हणायचे, त्यावर तो चिडायचा. मग त्यानंच जाहीर केलं की त्याच्या देशात मानाच्या माणसाला 'आगा' म्हणतात. गल्लीनं फार विचार न करता त्याला आपला 'जी' चिकटवला आणि तो आगाजी झाला. हा मानाचा माणूस तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता आणि त्याच्या पायजम्याची नाडी कायम बाहेर लोंबत असायची.

चहात त्याला साखर चालत नसे. खडीसाखरेचा खडा दातांत धरायचा आणि त्याच्यावरून बिनसाखरेचा चहा ओढायचा, अशी त्याच्याकडची पद्धत. पद्धतीला माझी हरकत नाही, पण तो खडा नैवेद्याच्या डबीतला असायचा.

"काहून रे, देवाची साखर खाऊन राहिला?" आईनं एकदा त्याला रंगेहाथ पकडून विचारलं.

"आईसाहेब, भगवान तो चाय पीते नहीं."

आई हसली. तिथंच चुकलं. या घरात बाईला हसवलं की सगळं खपतं, हे त्यानं त्या दिवशी ओळखलं, आणि पुढची सगळी वर्षं तो त्या ओळखीवर जेवला.

आई-बाबा त्याच्याशी मराठीत बोलायचे आणि तो हिंदीत उत्तर द्यायचा. मराठी त्याला सगळी समजायची. बोलत का नाही, असं विचारलं तर म्हणायचा, "मीठी है, मगर मेरे मुंह में नहीं बैठती." म्हणजे मेहनत दुसऱ्यानं करावी.

बाबा डिफेन्सच्या एका फॅक्टरीत होते, तपासणीच्या विभागात. तयार झालेला माल त्यांच्यासमोर यायचा. ते तो आधी जवळून पाहायचे, मग हात लांब करून पाहायचे, मापं लावायचे आणि पास किंवा रिजेक्ट सांगायचे. ही सवय घरीही सुटली नव्हती. भाजीवालीची वांगी, माझी गणितं, धाकट्या आत्याला सांगून आलेली स्थळं, सगळं याच दोन खणांत जायचं. रागानं नाही, अगदी हळू आवाजात. रिजेक्ट झालेल्यालाही वाईट वाटू नये असा तो आवाज होता.

आगाजीला खोली द्यायला आजीचा विरोध होता. बाबाच म्हणाले, "परदेशातलं पोर आहे, आईबापांपासून लांब. त्याचे वडीलपण कारखान्यात आहेत, तेलाच्या. आपल्यासारखेच लोक आहेत." हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे आगाजीच्या वडिलांनी आपला व्यवसायच बदलला.

मग तो कॉलेजात नापास झाला. त्याच सुमारास त्याच्या देशात राज्य उलटलं, घरून पत्रं येईनाशी झाली, आणि परत जावं की नाही हे त्याला कळेना. तो काळ त्याला कठीण गेला असणार, हे मी नाकारत नाही. आई त्याला रोज खाली बोलावून जेवू घालायची ती त्यामुळेच. पण या कठीण काळातून त्यानं वाट काढली ती अशी, की एका सकाळी तो जिन्यावरून खाली आला, हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला, "आज से मैं पेंटर हूं."

"अच्छा? कोणाकडे शिकला?" आईनं पोळी लाटता लाटता विचारलं.

"किसी से नहीं. मेरा उस्ताद मेरी आंख है."

हे वाक्य त्यानं तिथंच जन्माला घातलं आणि तिथून पुढे ते आम्हाला दिवसाआड ऐकावं लागलं. कुणाकडून काहीही शिकायचं नाही हा त्याचा धर्म झाला. तो पाळायचाही इतक्या कडकपणे की आमच्या गल्लीत राहणाऱ्या ड्रॉइंगच्या मास्तरांची त्यानं लाजच काढली. मास्तर बिचारे चांगल्या मनानं आले होते. शाळेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर मुलांना हात-पाय-नाक-डोळे काढायला शिकवलेलं. आपली कोळशानं काढलेली हातांची चित्रं काखेत घेऊन आले, "बेटा, ये रख लो, काम आएंगी," म्हणाले. आगाजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळ्यांवर दोन्ही तळवे धरले. "माफ कीजिए, मेरी आंख खराब हो जाएगी." मास्तर जिना उतरून जाईपर्यंत तो तसाच उभा होता. मी दारात होते. मास्तरांचा चेहरा मला अजून आठवतो.

त्याचं फळ त्याला मिळालं. त्याला हात काढता आले नाहीत, तेव्हाही आणि नंतरही. त्याच्या चित्रांतल्या माणसांचे हात पाण्यात असतात, बाह्यांत असतात, पाठीमागे बांधलेले असतात किंवा फुलांच्या गुच्छाखाली दडलेले असतात. आईनं एकदा एका चित्रापुढे उभं राहून विचारलं, "हिचे हात तोडून ठेवले काय रे?"

"आईसाहेब, वो सोच रही है."

"विचार करून राहिली तर हात गळून पडले?"

त्यावर तो दोन दिवस रुसला. पुष्कळ वर्षांनी दिल्लीच्या एका समीक्षकानं लिहिलं की, या चित्रकारानं हात दडवून निर्वासिताची असहायता दाखवली आहे. मी ते कात्रण आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बाप्पा! म्हणजे त्याला येत नव्हतं ते चांगलं झालं म्हणा."

एक गोष्ट मान्य करते. तो बसायचा. रोज बसायचा. ऊन असो, ताप असो, वरच्या खोलीत हार्डबोर्डाचा तुकडा भिंतीला टेकवून तो रंग लावत राहायचा. आईच्या टोपलीतले कांदे समोर मांडून काढायचा, आणि कांदे परत यायचे तेव्हा त्यांना हातभर कोंब आलेले असायचे. ब्रश पुसायला स्वयंपाकघरातलं फडकं न्यायचा, आणि त्या फडक्याची चौकशी केली की म्हणायचा, "वो अब तस्वीर का हिस्सा है." पहिली काही वर्षं त्याची चित्रं भेडाघाटला, संगमरवराच्या मूर्ती विकतात त्या दुकानांत लटकायची. नर्मदेचे पांढरे कडे, वर चंद्र, खाली एक होडी. सगळी चित्रं सारखीच, फक्त होडी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे. आज त्याच्या माहितीपत्रकात या चित्रांचा एका शब्दानंही उल्लेख नाही. त्या वर्षांत तो 'एकांतात साधना' करत होता, असं तिथं छापलं आहे.

आता फॅक्टरीची गोष्ट सांगते. तिच्यावर त्याची सगळी कीर्ती उभी आहे, म्हणून ती झाली तशी सांगायला हवी. मी तेव्हा सातवी-आठवीत होते. आत काय बोलणं झालं ते मला बाबांच्या विभागातल्या तिवारीजींकडून कळलं. ते त्या दिवशी बाबांच्या सोबत होते आणि नंतर प्रत्येक लग्नात ही हकीकत रंगवून सांगायचे.

आगाजी चंद्राला कंटाळला होता. एका दुपारी आईचा कपडे वाळत घालायचा लाकडी स्टँड खांद्यावर टाकून तो निघाला आणि शहराबाहेरच्या काळ्या खडकांच्या टेकडीवर जाऊन बसला. समोर काय आहे याचा त्यानं विचार केला नाही. समोर फॅक्टरी होती. परदेशी माणूस, हातात ब्रश, समोर डिफेन्सची फॅक्टरी. सुरक्षेची माणसं त्याला आणि आमच्या स्टँडला जीपमध्ये घालून घेऊन गेली.

बाबा पहिल्या पाळीवरून घरी येऊन पाय धूत होते. जीप दारात उभी राहिली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली. "आपके यहां रहता है?" एवढंच त्या माणसानं विचारलं. बाबांनी ओले पाय तसेच चपलेत घातले. तिवारीजी समोरच राहायचे, ते म्हणाले, मी पण येतो. आई दाराची कडी धरून उभी होती. तिला रडू येत नव्हतं, पण तिचा हात कडीवरून सुटेना.

सुरक्षेचे साहेब फौजेतून निवृत्त झालेले, मोठ्या मिशांचे. चित्र टेबलावर ठेवलं होतं आणि आगाजी कोपऱ्यात स्टुलावर ताठ बसला होता. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. हा माणूस फॅक्टरीचा नकाशा काढत होता. आता प्रकरण वर जाणार, आणि ज्यानं त्याला घरात ठेवलं त्याचंही नाव सोबत जाणार.

बाबा म्हणाले, "साहब, एक बार माल देख लूं?"

त्यांनी चित्र उचलून खिडकीपाशी नेलं. जवळून पाहिलं, हात लांब करून पाहिलं.

"साहब, हमारी टंकी पूरब में है. इसने पश्चिम में बनाई है."

"हूं."

"चिमनियां देखिए. हमारे यहां जितनी हैं, उससे दुगुनी बना दीं. जहां गेट है वहां इसने पेड़ लगा दिया. और ये पटरी, साहब, सीधी तालाब में जा रही है."

साहेब उठून आले आणि बाबांच्या खांद्यावरून पाहू लागले.

"ये लेकर दुश्मन आएगा न साहब, तो फॅक्टरी तो उसे मिलेगी नहीं. सीधा नर्मदाजी में गिरेगा."

साहेबांच्या मिशा हलल्या. मग ते खो खो हसले. शिपाई हसले. तिवारीजीही हसले. साहेब आगाजीकडे वळले आणि म्हणाले, "क्यों भाई, सच है? बनाना नहीं आता तुमको?"

एका शब्दाचं काम होतं. आगाजी उभा राहिला आणि म्हणाला, "मैंने जैसा देखा, वैसा बनाया."

हसणं थांबलं. साहेब खुर्चीत परत जाऊन बसले. बाबांनी सावकाश आगाजीच्या पायावर आपला पाय ठेवला आणि सगळा भार टाकला. हे तिवारीजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"फिर से बोलो," बाबा म्हणाले.

आगाजीची मान खाली गेली. "नहीं आता, साहब," तो म्हणाला.

त्याला सोडलं. चित्र तिथंच राहिलं. बाबांना त्याची किंमत मोजावी लागली, पण त्यांनी ती घरात कधी बोलून दाखवली नाही. परदेशी माणूस घरात ठेवला म्हणून त्यांना तपासणीतून काढून गोदामात बसवलं. फोरमनची जागा त्यांना मिळायची होती, ती दुसऱ्याला गेली. ज्या माणसाची नजर हीच त्याची नोकरी, तो पुढची कित्येक वर्षं पोती आणि पेट्या पाहत बसला.

आणि आगाजी? तो त्या संध्याकाळी गल्लीत बाबांच्या पुढे चालत आला, जणू तोच बाबांना सोडवून आणतो आहे. आईनं ताट वाढून ठेवलं होतं. तो ताटाला शिवला नाही.

"आईसाहेब, भाऊसाहेब ने आज मुझे मार डाला."

"अरे, सोडवून आणलं न तुला!"

"जेल में रहने देते. वहां मेरी तस्वीर तो सच्ची रहती."

बाबा मोरीवर पुन्हा पाय धूत होते. त्यांनी ऐकलं असणार. आगाजी दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आईनं भरल्या वांग्याची भाजी केली तेव्हा कलेचा अपमान मागे पडला.

नंतर काही महिन्यांतच तो भोपाळला गेला, तिथून दिल्लीला. मध्येच कधी जबलपूरला आला की आईकडे जेवून जायचा. प्रत्येक वेळी तो थोडा जास्त इराणी झालेला असायचा. दिल्लीत एका बाईंनी त्याला विचारलं होतं की, तुम्ही तिकडची जुनी, बारीक कामाची चित्रं काढता का? "हमारा खानदानी काम है," हा म्हणाला. तेलाच्या कारखान्यातले वडील त्या दिवसापासून दरबारी चित्रकारांच्या घराण्यातले झाले. मग त्याच्या चित्रांत सुरूची उंच झाडं आली, हरणं आली, लांब मानेच्या सुरया आल्या, बागेत बसलेले प्रेमिक आले. हातांशिवाय, अर्थातच. हरणं मात्र दीक्षितपुऱ्यातल्या शेळ्यांसारखी दिसायची, कारण जवळून पाहिलेलं जनावर तेवढंच होतं. लोकांना ते फार आवडलं. त्याची दाढी वाढली, पांढरी झाली. आपण देश सोडून पळून आलो, असं तो सांगू लागला. तो शेतकीचं पुस्तक घेऊन विमानानं आला होता, तेही राज्य उलटायच्या आधी, पण ते सांगणारे आम्ही कोण?

आई गेली तेव्हा तो दिल्लीत होता. आला नाही. फोन आला. बाबांशी बोलताना तो खूप रडला, अगदी हुंदके देऊन. मग नाक शिंकरलं आणि आपल्या नव्या प्रदर्शनाबद्दल सांगू लागला. बाबा फोन कानाला लावून ऐकत बसले. आईचं दहावंही झालं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात जबलपूरच्या एका संस्थेनं त्याचा सत्कार ठेवला आणि सोबत त्याच्या चित्रांचं आठवडाभराचं प्रदर्शन. आमंत्रण घरी आलं. मी म्हटलं, जायचं काही कारण नाही. बाबा आता नव्वदीकडे झुकलेत, काठीशिवाय उभं राहता येत नाही. पण ते सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले. "आपल्या घरात राहिलेलं पोर आहे न," म्हणाले.

कार्यक्रमाआधी बाबांनी सगळं दालन पाहिलं. काठी टेकत एकेका चित्रापुढे थांबायचे, जवळून पाहायचे, मग मागे सरकून पाहायचे. मला कंटाळा आला, मी खुर्चीवर जाऊन बसले. त्यांनी शेवटच्या भिंतीपर्यंत एकही चित्र सोडलं नाही.

मग भाषण झालं. आगाजीच्या अंगावर शाल, हातात माईक, आवाजात कंप. लहानपण, घराणं, पळून येणं. आणि मग तुरुंग. चार तास स्टुलावर बसला होता त्याचा तुरुंग झाला होता.

"और सुनिए," तो म्हणाला, "जिस घर का मैं नमक खाता था, उसी घर के मालिक ने अफसरों के सामने मेरे खिलाफ गवाही दी. मगर मैं नाम नहीं लूंगा. मैंने उन्हें माफ कर दिया है."

सभागृह हळहळलं. मी उठून उभी राहिले. काय बोलणार होते ते मला माहीत नाही, पण काहीतरी नक्की बोलणार होते. बाबांनी माझ्या शालीचं टोक धरून खाली ओढलं.

"खोटं बोलून राहिला तो, बाबा!"

"खोटं काय त्यात? साक्ष तर दिली न मी."

कार्यक्रम संपल्यावर फोटो सुरू झाले. त्या गर्दीतून आगाजीला बाबा दिसले. क्षणभर त्याचा चेहरा उतरला, मग तो हात पसरून आला. "भाऊसाहेब! आप आए!" वाकून त्यानं पायांना हात लावला. फोटोवाल्यानं तेही टिपलं.

बाबा म्हणाले, "साक्ष दिली, ते तू बरोबर सांगितलं. आज तुझी सगळी चित्रं पाहिली मी. एकेक करून."

"जी, भाऊसाहेब?"

"साक्ष बदलावी असं काही दिसलं नाही."

आजूबाजूचे हसले. त्यांना वाटलं, म्हातारबुवांनी काहीतरी कौतुकाची थट्टा केली. आगाजीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. तो बाबांच्या अगदी जवळ आला आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाला, "एक भी नहीं?"

बाबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते दाराकडे वळले. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. आजही ते आठवलं की बरं वाटतं.

आम्ही ऑटोनं परत निघालो. गल्लीचं वळण आलं तेव्हा बाबा म्हणाले, "एक होतं तसं."

"काय?"

"एक पास होतं. दाराजवळचं, लहानसं. तू पाहिलं नाही काय? तुझी आई आहे त्यात. अंगणातल्या नळाशी बसली आहे, पाठमोरी."

"मग सांगितलं काहून नाही त्याला?"

"त्याचे फोटो निघून राहिले होते. त्याला ऐकू आलं असतं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आगाजी घरी आला. शाल नाही, फोटोवाला नाही. रात्रभर झोपला नसावा. बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसला आणि सरळ म्हणाला, "भाऊसाहेब, इतनी सारी तस्वीरें हैं. एक भी नहीं, ये हो नहीं सकता."

बाबांनी सांगितलं.

"वो?" त्याचा चेहरा अपमान झाल्यासारखा झाला. "वो तो दीवार पर जगह खाली थी. पुराने गट्ठर में पड़ी थी, टांग दी."

"त्यात ती बरोबर बसली आहे," बाबा म्हणाले. "तिचा डावा खांदा जरा वर असायचा, खाली बसली की. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवर पडली होती, अमरावतीला. फोटो काढायचा म्हटलं की सरळ बसायची, म्हणून कोणत्याच फोटोत तो नाही. मीपण विसरलो होतो. तुझ्या चित्रात आहे."

आगाजीनं खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाला, "मुझे तो याद भी नहीं."

"ते मला देशील?"

माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. आगाजी उठला. छातीवर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते, आणि त्या वेळी ते खरेच भरले होते असं मी समजते.

"आपकी अमानत है, भाऊसाहेब. मगर ऐसे नहीं दूंगा. बहुत कच्ची है. पूरी करके दूंगा."

"पूर्ण आहे रे ते."

"आईसाहेब की तस्वीर है. कच्ची कैसे दूं?"

"हात लावू नको त्याला," बाबा म्हणाले. आवाज चढवून म्हणाले, जे ते कधी करत नाहीत. मीही म्हटलं, "आगाजी, जसं आहे तसंच द्या हो." तो माझ्याकडे बघून हसला, लहान मुलीकडे बघून हसावं तसा. "दीदी, आप फिक्र मत कीजिए," म्हणाला आणि गेला.

मी त्याच दुपारी दालनात गेले. मला आईला पाहायचं होतं. दाराजवळच्या भिंतीवर फक्त खिळा होता. तिथल्या माणसानं सांगितलं, साहब खुद ले गए.

शेवटच्या दिवशी त्यानं गाडी पाठवली. बाबा परत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. गाडीत मला म्हणाले, "आपल्या जेवणाच्या खोलीत लावू. तिथं ऊन येत नाही." दालनात बरीच माणसं होती, संस्थेचे अध्यक्ष होते, फोटोवाला होता. मधोमध स्टँडवर चित्र होतं आणि त्याच्यावर रेशमी कापड. आगाजीनं दोन शब्द बोलून ते कापड ओढलं.

"अब देखिए, भाऊसाहेब. अब पूरी हुई."

अंगणाची फरशी गेली होती, तिथं हिरवळ आली होती. नळाच्या जागी सुरूचं झाड होतं. पत्र्याच्या बादलीची लांब मानेची सुरई झाली होती. एक हरीण तिच्यातलं पाणी पीत होतं. पाठमोऱ्या बाईच्या पातळाला सोनेरी काठ लागला होता आणि तिचे दोन्ही खांदे अगदी सरळ, एका रेषेत होते.

बाबा जवळ गेले. पुष्कळ वेळ त्यांनी चित्रापाशी नाक नेऊन पाहिलं. मग काठी टेकत मागे सरकले.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"आईसाहेब हैं, भाऊसाहेब!" आगाजी लोकांकडे पाहत हसून म्हणाला.

"नाही," बाबा म्हणाले. "ती होती इथं. परवापर्यंत होती."

तोवर मागच्यांनी टाळ्या सुरू केल्या होत्या, आणि आगाजी सवयीनं त्यांच्याकडे वळून वाकला.